हातावरचं पोट

आमच्या ओट्यावरचं रात्रीचं शेवटचं काम म्हणजे विरजण लावणं. दूध तापवून कोमट होऊ द्यायचं, करंगळी बुडवून पाहायची, चटका न बसता ऊब जाणवली की आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचा त्यात फिरवायचा आणि झाकण ठेवून भांडं डब्यांच्या मागे सरकवायचं. डिसेंबरात ते टॉवेलात गुंडाळावं लागतं. मे महिन्यात मात्र पहाटे उठून फ्रिजमध्ये ढकललं नाही, तर सकाळी ताकाशिवाय दुसरा उपयोग उरत नाही. आजीच्या लेखी दह्याच्या तीनच जाती होत्या: अदमुरं, कवडीचं आणि ‘कढीचं’. तिसरी जात बहुतेक वेळा माझ्या विसराळूपणातून निपजायची.

या भांड्यात रात्रभर जे चालतं ते जिवाणूंच्या चरितार्थाचं सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात फसवं उदाहरण आहे. जवळचं, कारण त्याचा परिणाम आपण चाखू शकतो. फसवं का, ते हळूहळू कळेल.

दुधात साधारण पाच टक्के साखर असते, तिचं नाव लॅक्टोज. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पातेल्यात पंचवीसेक ग्रॅम. चमच्यातून आलेले कोट्यवधी जिवाणू ही साखर आत ओढतात, तिचे दोन तुकडे करतात आणि त्यातल्या ग्लुकोजच्या रेणूचे, एकामागून एक रासायनिक पायऱ्या उतरत, लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतात. या आम्लाने दुधातलं केसिन हे प्रथिन घट्ट होतं आणि दही लागतं. जिवाणूला या उठाठेवीतून काय मिळतं? ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे निव्वळ दोन रेणू.

हे किती कमी आहे, पाहा. ग्लुकोज पूर्ण जाळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड केलं, तर जेवढी ऊर्जा सुटते तिच्या जेमतेम सात टक्के ऊर्जा आम्लापर्यंतच्या प्रवासात मोकळी होते. उरलेली त्र्याण्णव टक्के आम्लाच्या रेणूंत जशीच्या तशी पडून राहते आणि जिवाणू ते आम्ल बाहेर टाकून देतो. रसवंतीवाल्याने ऊस चरकातून एकदाच काढावा आणि रस गळत असलेलं चिपाड रस्त्यावर फेकावं, तसला हा प्रकार. ते चिपाड मग आपण खातो. सकाळी दहीभात खाऊन आपल्याला जी ताकद येते, तिच्यात या उधळ्या मंडळींनी टाकून दिलेल्या मालाचाही वाटा असतो.

शिवाय जिवाणू थांबतात ते साखर संपल्यामुळे नव्हे. दही लागून आंबट झालं तरी दुधातली निम्मीही साखर खर्ची पडलेली नसते. ताट भरलेलं असताना जेवण थांबतं. हे असं का, याचं उत्तर मिळायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्यासाठी आधी एटीपी समजून घ्यायला हवं.

सोन्याची वेढणी घेऊन भाजीबाजारात गेलं तर मेथीची जुडी मिळत नाही. सोनं मोडून सुटे पैसे करावे लागतात. ग्लुकोजमधली ऊर्जा अशीच एकदम मोठी असते आणि पेशीतली कामं छोटी-छोटी: इथे एक दुवा जोड, तिथे एक रेणू आत ओढ. एटीपी ही पेशीची चिल्लर. तिच्यात तीन फॉस्फेट ओळीने लटकलेले असतात. शेवटचा तुटला की कामापुरती ऊर्जा मिळते आणि रिकामा झालेला रेणू पुन्हा भरायला पाठवला जातो. हा रेणू १९२९ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हाती लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. हे सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे. शाळेच्या पुस्तकात एटीपीचं चित्र असतं, हे नाव क्वचितच असतं.

आता जिवाणूच्या पेशीतला हिशेब मांडू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळांचा जुना सोबती, म्हणून आकडे त्याचे घेऊ. एक नवी पेशी उभी करायला त्याला ढोबळ मानाने हजार कोटी एटीपी मोडावे लागतात. खाणंपिणं भरपूर आणि ऊब अंगाएवढी असेल तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे सेकंदाला ऐंशी लाखांच्या आसपास खर्च. आणि एका वेळी पेशीत शिल्लक किती? वीस ते पन्नास लाख. सेकंदभराचीही बेगमी नाही! आवक थांबली तर पुढच्या सेकंदाला तिजोरी रिकामी. काही जिवाणू ग्लायकोजेनसारखं धान्य साठवून ठेवतात, पण ते दळायला वेळ लागतो. चिल्लर कुणीच साठवत नाही. रोज सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर संध्याकाळच्या पीठमिठाची सोय त्याच दिवशीच्या मजुरीतून करतो. जिवाणूचं पोट त्याहून हातावर आहे.

मग दोन एटीपीवर संसार करणाऱ्या दह्याच्या जिवाणूचं कसं भागतं? तो साखर झपाट्याने संपवून भागवतो. कमाईचा दर कमी, म्हणून उलाढाल मोठी. हे गणित पहिल्यांदा लुई पाश्चरच्या लक्षात आलं. १८५७ साली लील शहरात त्याने दाखवलं की दूध आंबणं हे जिवंत जीवांचं काम आहे. चार वर्षांनी त्याला ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू सापडले. काचपट्टीवरच्या थेंबात मधोमध असलेले जिवाणू वळवळत होते आणि कडेला, जिथे हवा लागत होती तिथे, ते निपचित पडले होते. हवेवाचून जगणारे, एवढंच नाही तर हवेने मरगळणारे जीव असतात, हे माणसाला असं एका थेंबाच्या कडेवर कळलं. यीस्टवर काम करताना त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. हवा मिळाली की तेवढ्याच साखरेत यीस्टची वाढ कितीतरी जास्त होते. ऑक्सिजनमुळे साखरेला बरकत येते, हे उघड झालं. ती कशी येते, हे मात्र पाश्चरच्या हयातीत कळण्यासारखं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एवढं ठरलं होतं: अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात, असे प्रथिनांच्या एका साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि वाटेत कुठेतरी एटीपी भरले जातात. या ‘कुठेतरी’ने जीवरसायनशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी घाईला आणली. सगळ्यांची खात्री होती की साखळी आणि एटीपी यांच्यामध्ये ऊर्जा वाहून नेणारा एक रासायनिक मध्यस्थ असणार. तो शोधण्यात नामवंत प्रयोगशाळांची वर्षं गेली. मध्यस्थ काही सापडेना.

१९६१ साली ‘नेचर’मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश संशोधकाने लिहिलं की मध्यस्थ सापडत नाही, कारण तो नाहीच. मिचेल जिवाणूंच्या पटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पापुद्र्यातून, पदार्थ आतबाहेर कसे जातात यावर काम करणारा माणूस. त्यामुळे त्याची नजर रेणूंवर होती तशीच आत आणि बाहेर या दिशांवरही होती. त्याचं म्हणणं असं: इलेक्ट्रॉन साखळीतून उतरत जातात तेव्हा त्यांच्या जोरावर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाच्या बाहेर ढकलले जातात. पटलातून प्रोटॉन सहजासहजी परत येऊ शकत नाहीत. बाहेर त्यांची दाटी होते, आत चणचण. त्यांना परतीची एकच वाट ठेवलेली असते, आणि त्या वाटेवर एटीपी भरणारं यंत्र बसवलेलं असतं.

कोयनेचं उदाहरण इथे चपखल बसतं. शिवसागरात पाणी अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलं आणि पोफळीला त्या पाण्याने टर्बाइन फिरवली. धरणातल्या पाण्याची आणि विजेच्या तारेची कधी गाठ पडत नाही. दोघांमध्ये रासायनिक मध्यस्थ शोधणारा माणूस धरण सोडून सिमेंटचे नमुने तपासत बसेल. मिचेलच्या काळातल्या बऱ्याच लोकांचं नेमकं हेच चाललं होतं.

मिचेलच्या कल्पनेला फारसं कुणी विचारलं नाही. त्याला पोटाच्या अल्सरने बेजार केलं होतं. १९६३ साली एडिंबरो विद्यापीठातली नोकरी सोडून तो कॉर्नवॉल परगण्यात बॉडमिन गावाजवळ गेला, ग्लिन हाउस नावाची मोडकळीला आलेली जुनी हवेली दुरुस्त केली आणि तिथेच प्रयोगशाळा थाटली. सोबत होती जेनिफर मॉइल, कसलेली प्रयोगकर्ती. दोघांनी यकृतातल्या मायटोकाँड्रियांच्या द्रावणातला ऑक्सिजन संपू दिला आणि मग त्यात किंचित ऑक्सिजन सोडला. क्षणात बाहेरचं द्रावण आम्लाकडे झुकलं. प्रोटॉन बाहेर पडत असल्याची ती पावती होती. (मायटोकाँड्रिया ही आपल्या पेशींतली ऊर्जाघरं, आणि ती मुळात जिवाणूच. फार पूर्वी दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. त्यामुळे जिवाणूचा हिशेब मांडताना आपण आपलाही मांडत असतो.) आपला सिद्धान्त मिचेलने राखाडी वेष्टनाच्या पुस्तिकांमधून स्वतःच छापून सहकाऱ्यांना पाठवला.

बऱ्याच जणांना पटवणारा प्रयोग १९७४ साली झाला आणि त्यातला एक मानकरी मीठप्रेमी सूक्ष्मजीव होता. मिठागरांसारख्या खारट पाण्यात हॅलोबॅक्टेरियम नावाचा जीव राहतो. नावात बॅक्टेरियम असलं तरी आज त्याला जिवाणूंत गणत नाहीत, आर्किया या वेगळ्या घराण्यात बसवतात. त्याच्या पटलात एक जांभळं प्रथिन असतं. प्रकाश पडला की ते प्रोटॉन बाहेर ढकलतं. साखर नाही, ऑक्सिजन नाही, इलेक्ट्रॉनची साखळी नाही, नुसतं ऊन. इफ्रेम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी चरबीचे सूक्ष्म फुगे तयार केले, त्यांच्या कातडीत हे जांभळं प्रथिन बसवलं आणि शेजारी गुराच्या हृदयातून काढलेलं एटीपीचं यंत्र बसवलं. दोघांची जन्मात कधी ओळख नाही. एक मिठागरातला, एक कसायाच्या दुकानातला. फुग्यांवर उजेड पाडला, एटीपी भरायला लागले. दोघांमध्ये प्रोटॉनांच्या धरणाशिवाय दुसरा दुवा असणं शक्यच नव्हतं. १९७८ साली मिचेलला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, एकट्याला.

आर्कियांच्या या घराण्यातली मंडळी आपल्या शेजारची आहेत. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि मीठप्रेमी आर्किया हे कारण निघालं. पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता. तो गुलाबी रंग मात्र वर सांगितलेल्या जांभळ्या प्रथिनाचा नव्हे, गाजराच्या रंगाशी नातं सांगणाऱ्या कॅरोटिनॉइडांचा. लोणारचं पाणी खारं आहे तसंच अल्कधर्मीही आहे, आणि हा मुद्दा आपल्या हिशेबात महत्त्वाचा. अल्कधर्मी पाण्यात प्रोटॉनांचाच दुष्काळ. धरण बांधलं पण पाऊसच नाही! असल्या पाण्यात राहणाऱ्या अनेक जिवाणूंनी त्यावर तोड काढली आहे. शेपटी फिरवायला आणि अन्न आत ओढायला ते प्रोटॉनांऐवजी सोडियमचे कण वापरतात. पाट तोच, पाणी वेगळं.

धरण म्हटलं की भव्यता डोळ्यांपुढे येते, म्हणून माप सांगतो. जिवाणूचं पटल पाचेक नॅनोमीटर जाड असतं आणि त्याच्या दोन बाजूंमधला विजेचा दाब दीडशे मिलिव्होल्टच्या घरात. म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या एक दशांश. पण तो दाब इतक्या पातळ भिंतीवर आहे की मीटरच्या हिशेबात तो तीन कोटी व्होल्ट भरतो.

आणि एटीपी भरणारं ते यंत्र खरोखर फिरतं. १९९७ साली जपानमधल्या संशोधकांनी उष्णताप्रेमी जिवाणूच्या एटीपी यंत्राचा पटलातून पेशीच्या आत डोकावणारा भाग काचेवर उलटा चिकटवला, त्याच्या मधल्या दांड्याला चमकणारा एक लांब प्रथिनाचा धागा बांधला आणि एटीपी घातलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गरगर फिरू लागला, एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. ती चित्रफीत पाहताना मला गिरणीच्या पट्ट्याची आठवण होते. त्याच वर्षी हे यंत्र उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळालं.

त्या प्रयोगात एक गोम आहे, आणि तिच्यातच दह्याचं कोडं सुटतं. यंत्र फिरवलं ते एटीपी घालून. म्हणजे ते दोन्ही बाजूंनी चालतं. प्रोटॉन आत येऊ दिले तर एटीपी भरतं, एटीपी मोडलं तर प्रोटॉन बाहेर फेकतं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात असंच करतात. विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, रात्री वीज मुबलक असते तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी वरच्या तलावात चढवायचं.

दह्यातल्या जिवाणूकडे श्वसनाची साखळी चालू नसते. धरण भरायला त्याच्याकडे पाऊस नाही. पण धरण तर हवंच, कारण पटलाच्या कितीतरी कामांना एटीपी चालत नाही, प्रोटॉनांचा दाबच लागतो. मग तो हे यंत्र उलटं फिरवतो. साखरेतून कमावलेली एटीपी मोडून प्रोटॉन बाहेर उपसतो. भांडं जसजसं आंबट होतं, तसतशी त्याची पंचाईत वाढते. बाहेर टाकलेलं लॅक्टिक आम्ल काही प्रमाणात पटलातून परत आत झिरपतं आणि आत येऊन प्रोटॉन सोडतं. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरावं आणि घरातली सगळी माणसं बादल्या घेऊन उपशाला लागावीत, तसं होतं. उपसा करण्यातच सगळी मिळकत जाते, वाढीला काही उरत नाही. ताट भरलेलं असताना जेवण थांबतं ते यामुळे.

ऑक्सिजन हाताशी असलेल्या जिवाणूची मिळकत याच्या कितीतरी पट. एका ग्लुकोजमागे कागदावरचं गणित अडतीस एटीपीपर्यंत जातं. प्रत्यक्षात गळती-झिजेमुळे आकडा बराच खाली येतो, पण दोनशी तुलना करण्यासारखा राहत नाही. आणि एकदा धरणाची युक्ती जमली की अन्न म्हणजे साखरच हवी, असं थोडंच आहे? इलेक्ट्रॉन द्यायला कुणीतरी हवं आणि घ्यायला कुणीतरी. मधल्या उतारावर प्रोटॉन ढकलता आले की झालं.

हे धरण वगैरे काही माहीत नसताना, १८८७ साली, सर्गेई विनोग्राड्स्की हा कीव्हमध्ये जन्मलेला शास्त्रज्ञ स्ट्रासबर्गमध्ये गंधकी झऱ्यातल्या एका जिवाणूकडे पाहत बसला होता. बेजियाटोआ त्याचं नाव. लांब पांढुरके धागे आणि धाग्यांत गंधकाचे चमकदार कण. विनोग्राड्स्कीने थेंबातलं पाणी बदलून पाहिलं. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, बंद केला की कण हळूहळू नाहीसे होत. पुन्हा दिला की भरत. तो वायू या जिवाणूचं अन्न होतं आणि गंधकाचे कण ही त्याची कोठी. गंधक जाळून, म्हणजे त्याचं सल्फ्युरिक आम्ल करून, हा प्राणी पोट भरत होता. सजीवाला दगडधोंड्यांच्या रसायनांवर जगता येतं, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढे झुरिकला जाऊन त्याने मातीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू धरले. इतरांना ते सापडत नव्हते, कारण सगळे लोक जिलेटिनच्या पौष्टिक थाळीत त्यांना वाढवू पाहत होते आणि या जिवाणूंना ती मेजवानी नकोच होती. विनोग्राड्स्कीने सेंद्रिय अन्नाचा कणही न घालता फक्त क्षार आणि अमोनिया दिला, तेव्हा ते वाढले. १८९० साली त्याने हे जाहीर केलं. एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण.

शेतकऱ्याच्या खिशाशी या जेवणावळीचा थेट संबंध आहे. युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनिया होतो आणि अमोनियाचे कण मातीला चिकटून राहतात. नायट्रेट तसं चिकटत नाही, जोराचा पाऊस झाला की पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे हे जिवाणू आपल्या पोटासाठी पोतंच्या पोतं रिकामं करतात. २०१५ साली केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामागे कारखान्यांकडे होणारी चोरटी विक्री रोखण्याचा हेतू होता आणि हाही होता: कडुनिंब या जिवाणूंना आवरतो. धान्याच्या कोठीत पाला टाकणाऱ्या आजीबाईंचीच ही तऱ्हा, फक्त शत्रू हजारो पटींनी लहान.

इथवर मिळकत झाली. खर्चाचं काय? १९६० साली बॉकप आणि एल्सडेन या दोघांनी एक सरळ काम केलं. श्वसन न करणारे, म्हणजे किती साखरेला किती एटीपी हे नक्की माहीत असलेले जिवाणू घेतले, मोजून साखर दिली आणि शेवटी सुकवून त्यांचं वजन केलं. एटीपीच्या एका मोलमागे (मोल हे रेणू मोजण्याचं माप) साधारण साडेदहा ग्रॅम सुके जिवाणू भरले. पुढे कागदावर हिशेब केला तर तेवढ्या एटीपीत याच्या जवळजवळ तिप्पट माल व्हायला हवा होता. घर बांधायला काढलेल्या पैशातले दोन तृतीयांश विटा-सिमेंटवर खर्चच झाले नाहीत, असं म्हणायचं. ते गेले देखभालीत: गळणाऱ्या प्रोटॉनांचा उपसा, क्षारांचा समतोल, मोडक्या प्रथिनांची डागडुजी. बांधकामातला मोठा खर्च प्रथिनांचा. अमिनो आम्लाचा एक मणी माळेत ओवायला चार एटीपींच्या तोडीची ऊर्जा लागते, आणि ई. कोलायच्या पेशीत तीसेक लाख प्रथिनं, प्रत्येकात सरासरी तीनशे मणी. शेपटी फिरवणं त्या मानाने स्वस्त. हवेतला नायट्रोजन बांधणं मात्र महाग: तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीतला रायझोबियम हा जिवाणू त्याच्या एका रेणूमागे सोळा एटीपी मोडतो. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात तोच हा. पेरणीच्या वेळी गूळ आपला, पुढे हंगामभर साखर पुरवायची ती झाडाने.

प्रथिनं एवढी महाग असल्यामुळेच जिवाणू नको असलेली यंत्रं घडवत बसत नाही. पॅरिसमध्ये सोरबोनला जाक मोनो हा तरुण १९४० च्या सुमारास ई. कोलायला दोन साखरा एकदम देऊन वाढीचे आलेख काढत होता. आलेख चढला, मग काही वेळ आडवा झाला, मग पुन्हा चढला. ग्लुकोज आणि लॅक्टोज समोर असताना जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो. लॅक्टोज फोडणारी यंत्रं तेव्हा जवळजवळ बनवतच नाही. ग्लुकोज संपलं की थबकतो, नवी यंत्रं घडवतो आणि मग लॅक्टोजला हात घालतो. आलेखातला तो आडवा तुकडा म्हणजे यंत्रं घडवण्याची सुट्टी. मोनोने याला ग्रीक शब्दांवरून दुबार वाढीचं नाव दिलं. त्या आडव्या रेघेचा माग काढत तो आणि फ्रान्स्वा जाकोब जनुकं चालू-बंद कशी होतात इथपर्यंत पोचले, आणि १९६५ साली आंद्रे ल्वॉफसह तिघांना नोबेल मिळालं.

पण हाच काटकसरी जिवाणू एक चमत्कारिक गोष्ट करतो. ग्लुकोज भरपूर असलं की, ऑक्सिजन हाताशी असतानासुद्धा, तो साखर पूर्ण जाळत नाही. अर्धवट जाळून ॲसिटिक आम्ल बाहेर टाकतो, म्हणजे दह्यातल्या जिवाणूसारखाच चिपाडं फेकत सुटतो. बरीच वर्षं याला ढिसाळपणा समजत होते. आता हिशेब वेगळा दिसतो. श्वसनाची साखळी ही अनेक मोठ्या प्रथिनांची बनलेली असते. तेवढीच एटीपी मिळवायला श्वसनाला प्रथिनांचा जास्त साठा अडकवून ठेवावा लागतो, आंबवण्याला कमी. वीस मिनिटांत दोन व्हायचं असेल तर प्रथिनं हवीत नवी प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमसाठी. साखर वाया गेली तरी चालते, वेळ वाया गेलेला चालत नाही. शेजारचा आधी दुप्पट झाला तर उरलेली साखर त्याचीच आहे.

दह्याचं उदाहरण फसवं म्हणालो ते यासाठी. आपण त्या जिवाणूला अडाणी उधळ्या समजतो. आपल्या शिलकी संसाराच्या सवयीने आपण ऊर्जा मोजतो. तो मोजतो वेळ, आणि फेकलेल्या चिपाडांतून दुसरं काम साधतो. आम्लात तो स्वतः बराच काळ तग धरतो, पण दूध नासवणारे बाकीचे बहुतेक त्याच्या आधी गारद होतात. तीन दिवसांचं दही आंबट लागतं, पण सडत नाही.

वेळच अमाप असेल, तर? दक्षिण आफ्रिकेत म्पोनेंग नावाची सोन्याची खाण आहे. तिच्यात २.८ किलोमीटर खोलीवर खडकाच्या भेगेतून निघणाऱ्या पाण्यात जवळजवळ एकाच जातीचा जिवाणू सापडला. २००८ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. खडकातलं युरेनियम किरणोत्सर्गाने पाणी फोडतं, त्यातून हायड्रोजन सुटतो, हा जिवाणू हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन घेऊन सल्फेटला देतो. ऊन नाही, हवा नाही, शेजारी नाही.

त्याहून हलाखीचा संसार दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाशी आहे. किनाऱ्यापासून दूर, तिथल्या पाण्यात जीवसृष्टी इतकी विरळ की वरून अन्न म्हणून जवळजवळ काही गळतच नाही. जपानी संशोधकांनी त्या तळातून काढलेल्या मातीत, सर्वांत जुन्या नमुन्याचं वय दहा कोटी वर्षांहून अधिक, जिवाणू होते. तिथल्या मिळकतीत वाढ कसली, गळकी भिंत लिंपण्यापुरतीही ती जेमतेम पुरत असणार. प्रयोगशाळेत त्या मातीला थोडा ऑक्सिजन, थोडी साखर, थोडी अमिनो आम्लं, थोडा अमोनिया दिला. दोन महिन्यांच्या वर थोडे दिवस गेले. २०२० साली निष्कर्ष छापून आले: त्यातले बहुसंख्य जिवंत होते, जेवले होते, आणि काही नमुन्यांत त्यांची संख्या दहा हजार पटींपर्यंत गेली होती.